आत्मवास्तविकीकरणाचे मापन : कामकरी प्रौढ, नाशिक परिसर

अंगच्या कुवतीला वाव मिळून माणूस जे होऊ शकतो ते होत जाणे, म्हणजे आत्मवास्तविकीकरण. मराठीत त्याची आत्मसाक्षात्काराशी हमखास गल्लत होते. त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांच्या समाधीपुढे हात जोडणाऱ्याच्या मनातला अर्थ निराळाच असतो. म्हणून ते मोजण्यासाठी कामगारांना द्यायच्या प्रश्नावलीत हा शब्द न आणणेच बरे.

संज्ञा मेंदूविकारतज्ज्ञ कुर्ट गोल्डस्टाइन यांची. मानसशास्त्रज्ञ अब्राहम मास्लो यांनी १९४३च्या लेखात तिला गरजांच्या उतरंडीत सर्वांत वर बसवले. पुढे मापनासाठी एव्हरेट शोस्ट्रॉम यांनी १९६०च्या दशकात विधानांच्या १५० जोड्यांची सूची केली. प्रत्येक जोडीतले एक विधान निवडायचे. तिच्या दोन मुख्य मोजपट्ट्या : वर्तमानात जगण्याची क्षमता आणि स्वतःच्या आतल्या कौलाने चालणे. जोन्स व क्रँडल यांची १९८६ची मापनी अवघ्या १५ विधानांची आहे. रात्रपाळी करून आलेल्याच्या हाती द्यायची तर हीच.

अडचण अर्थ लावताना येते. निफाड-दिंडोरीचा द्राक्षबागायतदार माल तयार होत आला की सारखा आभाळाकडे पाहतो. अवकाळी पाऊस झाला तर मणी तडकतात, वर्षाची मेहनत पाण्यात जाते. ‘उद्याची चिंता करतो’ या उत्तरावरून त्याला वर्तमानात जगता येत नाही असे ठरवणे अन्यायाचे आहे. ती चिंता त्याच्या कसबाचाच भाग आहे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या कंत्राटी कामगाराचेही तेच : उद्या काम असेल का, ही धास्ती स्वभावातून नव्हे, परिस्थितीतून येते.

भाषांतराचा पेच याहून नाजूक. ‘इतरांची अपेक्षा असते तसे मला वागावे लागते’ असे विचारले तर नाइलाज ऐकू येतो. ‘वागायला हवे’ म्हटले तर कर्तव्य. धाकट्या भावाची फी भरणारा दुसऱ्या वाक्याला मनापासून होकार देईल, पहिल्याला कदाचित नाही. एका क्रियापदाने गुण फिरतात. त्यामुळे मराठी मसुदा आधी कामगारांनाच वाचून दाखवावा आणि त्यांना काय कळले ते विचारावे.

खुद्द मास्लो यांची मूळ निरीक्षणे चाचणीतून नव्हे, माणसांच्या चरित्रांतून आणि सहवासातून आली. नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून नोकरी सांभाळून पदवी घेणाऱ्याला ती बढतीसाठी हवी होती की शिकायचे राहून गेले होते म्हणून, हे गुणांवरून कळत नाही. त्यासाठी समोर बसून बोलावे लागते, तेही कारखान्याच्या आवाराबाहेर. साहेबांच्या हाती जाणाऱ्या कागदावर कोणी मन मोकळे करत नाही.