रोमन सैनिकांना पगार मिठात मिळत नव्हता

‘तुम्ही पृथ्वीचे मीठ आहा’ (बायबल, मत्तय 5:13) या वचनावर प्रवचन असलं की एक वाक्य हमखास कानी पडतं: रोमन सैनिकांना पगार मिठात मिळायचा, म्हणून येशूने शिष्यांना इतकी मोलाची उपमा दिली.

हे खरं नाही. सम्राट ऑगस्टसच्या काळात लीजनमधल्या (रोमन सैन्याच्या मोठ्या तुकडीतल्या) साध्या सैनिकाला वर्षाला 225 देनारी मिळत, म्हणजे नाणी. घोळ झाला तो ‘सालारियम’ (भत्ता, पगार) या लॅटिन शब्दामुळे. त्यात ‘साल’ म्हणजे मीठ आहे खरं, पण सैनिकांना पगार म्हणून मीठ मोजून दिल्याची नोंद कुठल्याच प्राचीन लेखकाने केलेली नाही.

या कथेने मला खरंच वाईट वाटतं, कारण तिच्यात मिठाची नुसती किंमत उरते, अर्थ निसटतो. येशूचे श्रोते यहुदी होते. त्यांच्या धर्मग्रंथात, लेवीय 2:13 प्रमाणे, अन्नार्पण मिठाशिवाय चालत नसे. गणना 18:19 मध्ये देवाच्या कायमच्या कराराला ‘मिठाचा करार’ म्हटलंय. एज्रा 4:14 मध्ये तर अधिकारी राजाला कळवतात की आम्ही राजवाड्याचं मीठ खातो, तुमचा अपमान आम्हाला बघवत नाही. खाल्ल्या मिठाला जागणं म्हणजे काय, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

आणि बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती दीक्षाविधी, त्यातही मीठ होतं! 1969 चा नवा विधी येईपर्यंत कॅथलिक धर्मगुरू बाळाच्या जिभेवर आशीर्वादित मिठाचे चार कण ठेवत आणि लॅटिनमध्ये म्हणत, ‘ज्ञानाचं मीठ घे.’