अमेरिकेत घेतलेलं प्रायव्हेट जेट भारतात उडवत आणायचं तर: पात्रता, परवाने आणि कागदपत्रं

वापरलेलं प्रायव्हेट जेट अमेरिकेतून घ्यायचं ठरलं की सगळी चर्चा किंमत, इंजिनाचे तास आणि आतल्या सीट्स यावरच होते, आणि ते इकडे आणायचं कसं हा विषय निघतो सौदा झाल्यावर, म्हणजे उशिराच. जेट उडतच आणावं लागतं, त्याला फेरी फ्लाइट म्हणतात, आणि त्या एका प्रवासासाठी लागणारी फाइल बऱ्यापैकी जाड होते. म्हणून हे सगळं सौद्यावर सही करायच्या आधी वाचा.

सगळ्यात आधी एकच गोष्ट ठरवायची, उड्डाणाच्या दिवशी विमान कुठल्या देशाच्या नोंदणीवर असणार. १९४४ च्या शिकागो करारानुसार विमान एका वेळी एकाच देशात रजिस्टर असू शकतं, आणि पायलटचं लायसन्स, एअरवर्दिनेस सर्टिफिकेट (विमान उडण्यायोग्य असल्याचा दाखला), रेडिओ लायसन्स, इन्शुरन्स हे सगळं त्या नंबरावरच लटकलेलं असतं. अमेरिकन नंबर एन ने सुरू होतो, आपला व्हीटी ने.

इथेच पहिली अडचण येते. मालकी बदलली की विकणाऱ्याच्या नावावरचं अमेरिकन रजिस्ट्रेशन संपतं, आणि एन नंबर साधारणपणे अमेरिकन नागरिक, तिथले कायमचे रहिवासी किंवा तिथल्या नियमात बसणाऱ्या कंपन्या यांनाच मिळतो, म्हणजे मुंबईतली कंपनी पैसे भरून मोकळी झाली तरी विमान उडवायला कायदेशीर नंबरच उरत नाही. मग तीन रस्ते आहेत. एक, टायटल, म्हणजे कायदेशीर मालकी, विकणाऱ्याकडेच ठेवून विमान भारतात आणायचं आणि मग व्यवहार पूर्ण करायचा. दोन, अमेरिकन ओनर ट्रस्टच्या, म्हणजे तुमच्या वतीने कागदोपत्री मालकी धरणाऱ्या तिथल्या ट्रस्टच्या, नावावर एन नंबर घ्यायचा. तीन, तिथेच नोंदणी रद्द करून डीजीसीएकडून, म्हणजे आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडून, व्हीटी नंबर घेऊन निघायचं. पहिल्यांदा विमान घेणाऱ्याला मी दुसरा रस्ता सुचवेन, कारण अमेरिकन लायसन्सवाले फेरी पायलट सहज मिळतात, पण ट्रस्टचा खर्च सौद्यातच धरा. ट्रस्टने रजिस्ट्रेशनचा अर्ज केला की त्याची प्रत विमानात ठेवून फक्त अमेरिकेच्या आतच उडता येतं, बाहेर जायचं तर डिक्लरेशन ऑफ इंटरनॅशनल ऑपरेशन्स भरून एफएएकडून, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाकडून, तात्पुरतं सर्टिफिकेट लवकर मागवावं लागतं, त्याला तिकडे फ्लाय वायर म्हणतात.

तिसरा रस्ता धरला तर हँगरमध्येच बरंच काम निघतं. एन चे आकडे काढून व्हीटीची अक्षरं लावायची, आत नवीन नंबरची आगीत न जळणारी पट्टी बसवायची, ट्रान्सपॉन्डरमध्ये, म्हणजे कंट्रोलरला विमानाची ओळख सांगणाऱ्या यंत्रात, भारताने दिलेला मोड एस कोड टाकायचा आणि ईएलटी, म्हणजे अपघातात सिग्नल पाठवणारं यंत्र, नव्याने कोड करून आपल्याकडे नोंदवायचं. बाहेर व्हीटी रंगवलंय आणि ट्रान्सपॉन्डर अजून अमेरिकन कोड सांगतोय, असं झालं तर फ्लाइट प्लॅन आणि कंट्रोलरच्या स्क्रीनवरची ओळख जुळणार नाही.

आता पायलटची पात्रता. एन नंबरचं विमान अमेरिकन लायसन्सवर कुठेही उडवता येतं, पण भारतीय लायसन्सवाला पायलट ते फक्त भारताच्या हद्दीतच उडवू शकतो, बाहेर नाही. व्हीटी नंबर असेल तर उलट, भारतीय लायसन्स हवं किंवा परदेशी पायलटला डीजीसीएचं एफएटीए, म्हणजे तात्पुरतं ऑथरायझेशन. दोन्हीकडे त्या जेटचं टाइप रेटिंग (त्याच मॉडेलचं विमान उडवायची पात्रता), चालू मेडिकल आणि इंग्रजी प्रावीण्याची नोंद लागतेच. आणि इन्शुरन्सच्या पॉलिसीत पायलटचं नाव आणि रूटमधले देश बसतायत का हे स्वतः वाचा, एजंटच्या तोंडी आश्वासनावर राहू नका.

एअरवर्दिनेसमध्ये लोक हमखास गोंधळतात. एक्स्पोर्ट सर्टिफिकेट ऑफ एअरवर्दिनेस, म्हणजे एफएएचा फॉर्म ८१३०-४, डीजीसीएला दाखवायला लागतं आणि ते विमान अमेरिकेत असतानाच काढलेलं बरं, पण त्या कागदावर विमान उडवता येत नाही. उडवायला नेहमीचं एअरवर्दिनेस सर्टिफिकेटच हवं. ते चालू नसेल तर स्पेशल फ्लाइट परमिट मिळतं, मात्र ते आंतरराष्ट्रीय दर्जाचं पूर्ण सर्टिफिकेट नसल्यामुळे वाटेतल्या प्रत्येक देशाची वेगळी परवानगी घ्यावी लागते. म्हणून मेंटेनन्स ड्यू असेल तर तिकडेच करून घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील.

सगळ्यात जास्त फसवणारा कागद म्हणजे एलओए, लेटर ऑफ ऑथरायझेशन, ठरावीक उंचीवर किंवा हवाई हद्दीत उडायची मंजुरी. फ्लाइट लेव्हल २९० ते ४१० मध्ये, म्हणजे साधारण २९ ते ४१ हजार फुटांवर, आरव्हीएसएम (विमानांमधलं वर-खालचं अंतर कमी ठेवून उडायची मंजुरी) लागतं आणि उत्तर अटलांटिकच्या हाय लेव्हल एअरस्पेसची मंजुरी वेगळी, शिवाय डेटालिंकची, म्हणजे कंट्रोलरशी लेखी संदेशांनी बोलण्याची. ही पत्रं विमान चालवणाऱ्या ऑपरेटरच्या नावावर असतात, त्यामुळे जुन्या मालकाच्या फाइलमध्ये सगळी पत्रं दिसली म्हणून खूश होऊ नका, ऑपरेटर बदलला की ती तुमच्या कामाची नाहीत. पत्रांशिवाय निघालात तर अटलांटिकवर २८ हजार फुटांच्या वर जाता येत नाही, तिथे जेट कितीतरी जास्त इंधन पितं, मग छोट्या जेटला गूज बे (कॅनडा), ग्रीनलंड, केफ्लाविक (आइसलँड) असं टप्प्याटप्प्याने आणि हवामानाची वाट बघत जावं लागतं.

विमानात ठेवायची फाइल अशी: रजिस्ट्रेशन, एअरवर्दिनेस, क्रूची लायसन्स, जर्नी लॉगबुक, रेडिओ स्टेशन लायसन्स (अमेरिकेत हे एफसीसी, म्हणजे तिथली दूरसंचार नियामक संस्था, देतं, देशातल्या देशात लागत नाही म्हणून बऱ्याच मालकांनी काढलेलंच नसतं), इन्शुरन्स, आणि प्रत्येक थांब्यासाठी जनरल डिक्लरेशनच्या (विमान, क्रू आणि प्रवाशांची माहिती देणारा फॉर्म) भरपूर प्रती. अमेरिका सोडताना ई-एपिसवर, म्हणजे अमेरिकन कस्टम्सच्या ऑनलाइन यंत्रणेवर, क्रूची माहिती निघायच्या किमान ६० मिनिटं आधी गेलेली हवी.

ओव्हरफ्लाइट (एखाद्या देशावरून नुसतं उडत जाणं) आणि लँडिंगची परमिटं हँडलरकडून, म्हणजे ही कामं करणाऱ्या एजन्सीकडून, काढून घ्या, हे काम घरून करायचं नाही. युरोपात खाजगी उड्डाणाला फारसा त्रास नसतो, इजिप्त, सौदी, ओमान इथे परमिट लागतं, आणि तिथे शुक्रवार-शनिवार सुट्टी असते हे लक्षात ठेवून अर्ज टाका. परमिटला ठरावीक तासांची मुदत असते, एका ठिकाणी दिवस गेला की पुढची सगळी परमिटं रिवाइज करावी लागतात. एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केलीय, त्यामुळे रूट ओमानवरून अरबी समुद्र असाच धरा.

भारतात येताना एन नंबरच्या विमानाला डीजीसीएची परवानगी, ज्याला वायए नंबर म्हणतात, घ्यावी लागते आणि तो फ्लाइट प्लॅनमध्ये टाकायचा असतो. पहिलं लँडिंग कस्टम्सची सोय असलेल्या विमानतळावरच, म्हणजे मुंबई, नागपूर, अहमदाबाद असं काहीतरी, थेट जुहूला किंवा बारामतीला उतरता येत नाही. मुंबईत स्लॉट आणि पार्किंगची मारामार असते, म्हणून नागपूरचा विचार जरूर करा.

व्हीटी नोंदणी भारतीय नागरिकाला किंवा इथे नोंदलेल्या आणि इथूनच कारभार चालणाऱ्या कंपनीला मिळते. विमान आणण्याआधी डीजीसीएची इम्पोर्टसाठीची एनओसी लागते, ती घेताना विमानाच्या वयाची अट बघून घ्या. खाजगी वापर की नॉन-शेड्यूल्ड परमिट (भाड्याने चार्टर चालवायचा परवाना) यावर टॅक्स खूप बदलतो, हे कस्टम्स एजंटकडून लेखी घ्या. एन नंबरवर आणलं असेल तर अमेरिकेतली नोंदणी रद्द झाल्याचं एफएएचं पत्र, बिल ऑफ सेल आणि कस्टम्सची बिल ऑफ एंट्री (आयातीची नोंद) जोडून मगच व्हीटीचा अर्ज पुढे सरकतो, गाडी परराज्यात नेताना जुन्या आरटीओची एनओसी लागते तसंच हे. बिल ऑफ एंट्रीसाठी कंपनीचा इम्पोर्ट एक्स्पोर्ट कोड लागतो, तो विमान अमेरिकेतून निघायच्या आधीच काढून ठेवा, नाहीतर विमान मुंबईत येऊन उभं राहील आणि रोज पार्किंगचं बिल चढत जाईल.