हॉट योगा : पूर्वतयारी व सुरक्षितता

मुद्दाम तापवलेल्या, दमट खोलीत आसने करण्याच्या आधुनिक पद्धतीला हॉट योगा म्हणतात. तिचा सर्वांत परिचित प्रकार म्हणजे बिक्रम योगा. त्यात 26 आसने व 2 श्वसनक्रिया ठरावीक क्रमाने, सुमारे 40.6° से. तापमान आणि 40% सापेक्ष आर्द्रता असलेल्या खोलीत 90 मिनिटे केल्या जातात. इतर वर्गांत तापमान व वेळ यांत बराच फरक आढळतो.

हा क्रम कोलकात्याच्या बिक्रम चौधरी यांनी 1970 च्या दशकात अमेरिकेत रूढ केला. आपण तो गुरू बिष्णुचरण घोष (1903–70) यांच्याकडून घेतला, असे ते सांगत. घोष हे परमहंस योगानंदांचे धाकटे बंधू व व्यायामशिक्षक होते. त्यांच्या परंपरेत 84 आसनांचा संच शिकवला जाई. 26 आसनांची निवड त्यातूनच झाली असावी. तापवलेल्या खोलीचे मूळ मात्र वादग्रस्त आहे. कोलकात्याच्या हवामानाची ती प्रतिकृती आहे असे काही सांगतात, तर खुद्द चौधरी यांच्या एका कथनानुसार जपानमधील हिवाळ्यात हीटर लावण्यापासून तिची सुरुवात झाली. उष्णता ही भारताबाहेर पडलेली भर असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते. हा क्रम प्रताधिकारास (कॉपीराइटला) पात्र नाही, असा निर्णय अमेरिकेच्या नवव्या मंडल अपील न्यायालयाने 2015 मध्ये दिला.

हठयोगावरील जुन्या ग्रंथांचा कलही वेगळा आहे. हठप्रदीपिकेत (साधारणतः पंधरावे शतक) श्रमाने आलेला घाम अंगावर चोळावा असे सांगितले आहे. तो घाम प्राणायामाच्या श्रमाचा आहे. त्याच ग्रंथात आरंभीच्या काळात अग्निसेवन (विस्तवाजवळ शेकत बसणे) वर्ज्य आहे. घेरंडसंहिता (बहुधा सतराव्या शतकाच्या अखेरची) ग्रीष्मात योगारंभ करू नये, तो रोगद (रोग देणारा) ठरतो, असे बजावते. आधुनिक योगगुरू बी. के. एस. अय्यंगार यांनीही कडक उन्हात काही तास काढल्यानंतर लगेच आसने करू नयेत, असा इशारा दिला आहे.

धोक्याचे मूळ आसनांपेक्षा उष्णतेत आहे. त्वचेचे तापमान साधारण 35° से. असते, खोली त्याहून तापलेली असली की हवा शरीराला थंड करण्याऐवजी तापवते आणि घामाचे बाष्पीभवन हाच एक मार्ग उरतो. आर्द्रता वाढली की तोही अडतो. त्वचेकडे रक्त वळल्याने रक्तदाब उतरतो. पादहस्तासनातून (उभ्याने पुढे वाकण्याच्या आसनातून) झटकन ताठ उभे राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते ती यामुळेच. वर येताना डोके सर्वांत शेवटी उचलावे. तापलेले स्नायू नेहमीपेक्षा अधिक ताणले जातात, त्यामुळे सांध्यांवर नकळत जादा भार येतो.

तयारी आदल्या दिवशीच सुरू करावी. दिवसभर थोडेथोडे पाणी प्यावे. लघवी फिकट पिवळी असली की पुरेसे समजावे. वर्गाआधी एकदम दोन लिटर पाणी रिचवणे चुकीचे आहे, कारण रक्तातील सोडियम घातक पातळीपर्यंत उतरू शकते. मीठ-साखर घातलेले लिंबूपाणी किंवा ताक उपयोगी पडते. भरपेट जेवण व वर्ग यांत दोन-तीन तासांचे अंतर हवे. वर्गापूर्वी व नंतर, अंग पुसून, वजन करणे ही सर्वांत भरवशाची कसोटी आहे : एक किलो घट म्हणजे सुमारे एक लिटर पाणी गेले. ते काही तासांत, खाण्यासोबत भरून काढावे.

शरीर उष्णतेला सरावण्यास एक ते दोन आठवडे लागतात. म्हणून पहिल्या वर्गाला दाराजवळ जागा घ्यावी, हवे तेव्हा बसावे आणि कोणी थांबवू लागले तरी बाहेर पडावे. खोली कमी तापवल्याने फारसे बिघडत नाही : 2018 मधील एका प्रयोगात 12 आठवड्यांनंतर रक्तवाहिन्यांच्या कार्यातील सुधारणा 40.5° व 23° से. अशा दोन्ही खोल्यांत सारखीच आढळली.

गरोदरपणात हा वर्ग टाळावा. ताप किंवा जुलाब असताना, तसेच मद्यपानानंतरही तो करू नये. हृदयविकार, मूत्रपिंडविकार, मधुमेह असल्यास, किंवा मूत्रल (लघवी वाढवणारी) व बीटारोधक (हृदयगती मंदावणारी ‘बीटा ब्लॉकर’) औषधे चालू असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.

घेरी, मळमळ, पेटके, डोकेदुखी यांपैकी काहीही जाणवल्यास बाहेर येऊन पाय उंच करून आडवे व्हावे. बोलणे असंबद्ध झाले तर उष्माघात समजून अंगावर भरपूर थंड पाणी ओतणे सुरू करावे व रुग्णवाहिका (महाराष्ट्रात 108) बोलवावी. श्रमाने होणाऱ्या उष्माघातात घाम चालूच असू शकतो. तेवढ्यावरून धोका नाही असे मानू नये.