मापाचा ड्रायव्हर: शाफ्ट बदलून बघण्यामागची शंभर वर्षं

गोल्फचे क्लब, म्हणजे चेंडू मारायच्या काठ्या, खेळाडूच्या मापाने जुळवून देणारा तो फिटर. त्याच्या हातात एक छोटा पाना असतो. ड्रायव्हरच्या, म्हणजे सर्वांत लांब फटक्याच्या क्लबच्या, टाचेतला (हेडच्या दांड्याकडच्या बाजूचा) स्क्रू तो सैल करतो, हेडमधून शाफ्ट म्हणजे दांडा ओढून काढतो, दुसरा बसवतो आणि पाना फिरवतो. ‘कट्’ असा आवाज आला की पक्कं बसलं. अर्ध्या मिनिटाचं काम. मग आपण पाच-सहा चेंडू मारायचे, पडद्यावरचे आकडे बघायचे, की पुन्हा ‘कट्’. तास-दीड तासात सात-आठ शाफ्ट हाताखालून जातात.

ड्रायव्हर घेण्याआधी असं करून बघावं हे आता बऱ्याच जणांना पटलंय. पण ज्या जोडणीमुळे हे शक्य होतं, ती असलेला ड्रायव्हर २००८ पूर्वी स्पर्धेत चाललाच नसता. वजनाचे स्क्रू बदलायला तेव्हाही मुभा होती. लॉफ्ट (फेस मागे किती झुकलेला आहे तो कोन) किंवा फेसचा, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या बाजूचा, कोन बदलता येईल अशी जोडणी मात्र ड्रायव्हरला चालत नसे. १ जानेवारी २००८ पासून अमेरिकेच्या यूएसजीएने आणि स्कॉटलंडच्या आर अँड एने, म्हणजे गोल्फचे नियम ठरवणाऱ्या दोन संस्थांनी, नियम सैल केला. पुढच्याच वर्षी टेलरमेडचा आर-९ बाजारात आला, मागोमाग इतर कंपन्यांच्या जोडण्या आल्या. त्याआधी बहुतेक ड्रायव्हरमध्ये शाफ्ट इपॉक्सीने चिकटवलेला असे. बदलायचा तर हेड तापवून डिंक सोडवायचा, नवा शाफ्ट चिकटवायचा आणि तो सुकायची वाट बघायची. तोवर आधीच्या शाफ्टचा हात विसरलेला असायचा.

प्रत्येक हाताला वेगळा दांडा लागतो ही जाण मात्र या पान्यापेक्षा कितीतरी जुनी आहे. फिटिंग ही हल्लीची चैन आहे असं जे म्हणतात, त्यांच्याशी माझं म्हणूनच जमत नाही. ही जुनी रीत आहे. मधली काही दशकं ती सामान्य खेळाडूच्या हातून सुटली होती, एवढंच.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत स्कॉटलंडमधले कारागीर दांड्यांसाठी तिथलंच अ‍ॅश किंवा हेझल वापरत. मग अमेरिकेतून हिकरी यायला लागली. हिकरी ही अक्रोडाच्या कुळातली, चिवट आणि लवचीक, कुऱ्हाडीच्या दांड्यासाठी नावाजलेली. हे लाकूड पुढे शंभरएक वर्षं गोल्फवर राज्य करत होतं. आपल्याकडे कलकत्त्यात १८२९ आणि मुंबईत १८४२ साली गोल्फ क्लब निघाले, तेही लाकडी दांड्यांच्याच जमान्यात.

पण हिकरीचे दोन दांडे कधी सारखे नसतात. एकाच ओंडक्यातून शेजारी-शेजारी कापलेले दोन तुकडे घ्या. एकाचे तंतू सरळ धावतील, दुसऱ्याचे किंचित तिरके. शिवाय हिकरी नुसती वाकत नाही, पिळतेही. म्हणून क्लब बनवणारा दांडा रंध्याने तासायचा, हातात धरून वाकवून बघायचा, खरवडणीने नाहीतर काचेच्या तुकड्याने एखादा पापुद्रा काढायचा आणि पुन्हा वाकवायचा. गिऱ्हाईक बहुधा त्याच गावातलं, त्याच क्लबातलं. त्याचा स्विंग घाईचा की संथ हे कारागिराने रोज डोळ्यांनी पाहिलेलं. मग दांडा हेडला सरसाने जोडायचा आणि जोडावर मेण लावलेला दोरा गच्च गुंडाळायचा. याला कोणी ‘फिटिंग’ म्हणत नव्हतं, कारण क्लब बनवायचा म्हणजे असाच, हे धरूनच चाललेलं होतं.

चांगले खेळाडू तर दांडे शोधत हिंडत. बॉबी जोन्सचा लाडका ड्रायव्हर ‘जिनी डीन्स’ हा १९०४ चा ब्रिटिश ओपन विजेता जॅक व्हाइट याने बनवलेला होता. जोन्सने वर्षानुवर्षं निव्वळ हाताच्या अंदाजाने एकेक क्लब निवडून संच जमवला आणि १९३० साली हिकरीनेच चारही मोठ्या स्पर्धा जिंकल्या. पुढे कोणीतरी तो संच यंत्रावर तपासला, तेव्हा एक मॅशी-निब्लिक (लोखंडी हेडचा एक क्लब) सोडला तर सगळे क्लब एकमेकांशी जुळले, आणि नेमका त्याच क्लबने जोन्सला आयुष्यभर छळलं होतं, असं गोल्फच्या जगात सांगतात. मला ही गोष्ट आवडते. यंत्राला जे नंतर कळलं ते त्या तळहातांना आधीच ठाऊक होतं.

पोलाद आलं आणि चित्र पालटलं. अमेरिकेतल्या स्कनेक्टडीच्या जनरल इलेक्ट्रिकमधला इंजिनिअर आर्थर नाइट याने १९१० साली पोलादी नळीच्या शाफ्टचं पेटंट घेतलं. पहिल्या महायुद्धानंतर चांगली हिकरी मिळेनाशी होत चालली होती, तरी नियम करणारे लगेच तयार झाले नाहीत. अमेरिकेत पोलादाला १९२४ मध्ये परवानगी मिळाली, आर अँड एने ती १९२९ च्या अखेरीस दिली. त्या निर्णयाशी जोडली जाणारी गोष्ट अशी, की प्रिन्स ऑफ वेल्स सेंट अँड्र्यूजला पोलादी शाफ्ट घेऊन खेळला आणि युवराजाला बाद कोण ठरवणार? १९३१ ची यूएस ओपन बिली बर्कने पोलादी शाफ्टने जिंकली. त्या काळातले कितीतरी पोलादी शाफ्ट तपकिरी वेष्टन चढवून विकले जात, म्हणजे दिसायला हिकरीच. लोकांना जुन्या लाकडाची किती ओढ होती हे त्या वेष्टनावरून दिसतं.

पोलादाने फार मोठं काम केलं, यात शंका नाही. पिळणं जवळजवळ थांबलं. शंभर शाफ्ट एकसारखे बनू लागले, क्लबना नावांऐवजी नंबर आले, जुळलेला संच कारखान्यातूनच मिळू लागला. क्लब इतके सोपे झाले, की काहींच्या बॅगेत वीस-पंचवीस भरायला लागले आणि १९३८ साली यूएसजीएला चौदाची मर्यादा घालावी लागली. पण याच सोयीपायी कारागीर आणि खेळाडू यांच्यातलं बोलणं संपलं. आता गिऱ्हाईकासाठी दांडा तासायचा नव्हता. चार-पाच तयार प्रकारांतून एक उचलायचा होता. त्या प्रकारांना अक्षरं मिळाली: बायकांसाठी एल, वयस्कांसाठी ए, मग आर, एस आणि एक्स.

या अक्षरांनी केलेलं नुकसान अजून भरून निघालेलं नाही. एस म्हणजे नक्की किती ताठ, याचं बंधनकारक मोजमाप ना तेव्हा होतं, ना आज आहे. एका कंपनीचा आर दुसऱ्या कंपनीच्या एसइतका ताठ निघू शकतो. कार्यशाळेत शाफ्टचं ग्रिपकडचं टोक शिकंज्यात आवळतात, दुसरं टोक झटका देऊन सोडतात आणि मिनिटाला किती हेलकावे होतात ते मोजतात. ड्रायव्हरला ढोबळमानाने अडीचशेच्या आगेमागे आकडा येतो, जास्त म्हणजे अधिक ताठ. वर छापलेलं अक्षर झाकून हा आकडा बघितला, की बाजारातला गोंधळ लगेच कळतो. त्यात अक्षरांना मानही चिकटला. एस म्हणजे तरणाबांड, आर म्हणजे ढिला. मीही त्याच समजुतीत वाढलो.

लाकडी हेडचे दिवस पुढेही बरेच टिकले. ते लाकूड बहुधा पर्सिमनचं, म्हणजे आपल्या टेंभुर्णीचं अमेरिकेतलं भावंड. गोंदिया-चंद्रपूरकडे जिच्या पानांच्या विड्या वळतात, त्याच कुळातलं. जॅक निकलॉसने १९६३ साली पीजीए या व्यावसायिक गोल्फपटूंच्या संघटनेच्या लांब फटक्यांच्या स्पर्धेत ३४१ यार्ड मारले ते पर्सिमनचं हेड आणि पोलादी शाफ्ट घेऊन, आणि त्याचा ड्रायव्हर ४३ इंचांहूनही थोडा आखूड होता. आज दुकानात ४५ ते ४६ इंचांचे ड्रायव्हर लटकलेले असतात. लांबी वाढली, कारण शाफ्ट हलका झाला.

तो हलका झाला कार्बनमुळे. शेक्सपिअर या क्रीडासाहित्याच्या कंपनीत फ्रँक थॉमस या इंजिनिअरने १९६९ च्या सुमारास ग्रॅफाइटचा शाफ्ट बनवला. (हेच थॉमस नंतर १९७४ पासून यूएसजीएचे तांत्रिक संचालक होते, म्हणजे नवं शोधणारा माणूसच पुढे नव्याला लगाम घालायच्या जागी बसला.) पोलादी शाफ्ट शंभर ग्रॅमच्या वर, आणि आताचे ग्रॅफाइटचे पन्नास-साठ ग्रॅमचे. सुरुवातीचे ग्रॅफाइट मात्र हिकरीसारखेच पिळत आणि दोन शाफ्टमध्ये मेळ नसे, म्हणून चांगले खेळाडू त्यांना हात लावायला कचरत. टायगर वुड्सने २००० सालच्या त्याच्या अजोड हंगामात ड्रायव्हरला पोलादी शाफ्टच ठेवला होता, ४३.५ इंचांचा. काही वर्षांनी तोही ग्रॅफाइटकडे वळला.

ग्रॅफाइटचा शाफ्ट कसा बनतो हे समजलं, की एवढे प्रकार का निघतात ते कळतं. राळ लावलेल्या कार्बनच्या पातळ चादरी कापून निमुळत्या सळईभोवती गुंडाळतात, लाटण्याभोवती पोळी गुंडाळावी तशा. वरून फीत आवळतात, भट्टीत भाजतात, सळई ओढून काढतात आणि घासून गुळगुळीत करतात. ज्या चादरींचे तंतू शाफ्टच्या लांबीला धरून असतात त्या वाकण्याला अटकाव करतात. ज्यांचे तंतू ४५ अंशात तिरके असतात त्या पिळण्याला. कुठली चादर कुठे, किती थर, टोकाला जास्त की मधे, हे सगळं बनवणाऱ्याच्या हातात. पोलादाच्या नळीला एवढी मुभा नव्हती. तिरक्या तंतूंनी हिकरीवाल्याला सतावलं होतं. इथे तेच तंतू मुद्दाम तिरके घालतात.

दरम्यान हेडची शर्यत सुरू होती. १९७९ साली टेलरमेडच्या गॅरी अ‍ॅडम्सने धातूचं हेड विकायला काढलं, १९९१ मध्ये कॅलवे कंपनीचा मोठ्या हेडचा ड्रायव्हर, बिग बर्था, आला, पुढे टायटॅनियम आलं आणि हेड फुगत गेलं. शेवटी नियमांनी कुंपण घातलं: २००४ पासून आकार जास्तीत जास्त ४६० घनसेंटिमीटर, लांबी ४८ इंच. २०२२ पासून स्पर्धांना ४६ इंचांची मर्यादाही लावता येते. फेसच्या उसळीवरची मर्यादा १९९८ मध्येच आली होती. हेड त्या कुंपणाला टेकलं आणि सुधारणेला एकच मोठी जागा उरली: हेड, शाफ्ट आणि माणूस यांची जुळणी. शाफ्टची चर्चा गेल्या वीस वर्षांत एवढी का वाढली, याचं मला दिसणारं खरं कारण हे.

जुळणी मापायला डोळे हवे होते, ते रडारने दिले. जनरल इलेक्ट्रिकमध्येच काम केलेल्या कार्स्टन सोल्हाइमच्या पिंग कंपनीने १९७० च्या दशकात आयर्नसाठी (लोखंडी हेडच्या क्लबसाठी) खेळाडूच्या मापानुसार रंगीत ठिपक्यांची पद्धत आणली होती. ड्रायव्हरचा चेंडू हवेत काय करतो ते मात्र कोणाला नीट मोजता येत नव्हतं. २००३ साली डेन्मार्कमध्ये ट्रॅकमन कंपनी निघाली. तिच्या संस्थापकांपैकी फ्रेडरिक टुक्सेन लष्करी रडारच्या क्षेत्रातून आलेले. तोफगोळ्याचा माग काढणारं तंत्र त्यांनी चेंडूमागे लावलं.

त्यातून बाहेर आलेल्या आकड्यांच्या दोन जोड्या हौशी पुरुषांनी भिंतीवर लावून ठेवाव्यात अशा आहेत. ट्रॅकमनच्या जुन्या, गाजलेल्या सरासऱ्यांनुसार पीजीए टूरवर, म्हणजे व्यावसायिक पुरुषांच्या स्पर्धांत, क्लबचा वेग ताशी ११३ मैल होता, चेंडू उडायचा १०.९ अंशांत. एलपीजीएच्या, म्हणजे व्यावसायिक महिलांच्या टूरवर वेग ताशी ९४ मैल होता, चेंडू उडायचा १३.२ अंशांत. आपल्यापैकी बहुतेकांचा वेग त्या महिलांच्या आसपास किंवा खाली, आणि ड्रायव्हर आपण घेतो तो टूरवरच्या पुरुषांचा बघून.

मीही तेच केलं होतं. एका दुकानात रॅकवरून एस शाफ्टचा, साडेनऊ अंशांचा ड्रायव्हर उचलला. विकणाऱ्याने माझा एक चेंडूही पाहिला नव्हता. चार वर्षं चेंडू खालून आणि उजवीकडे जात राहिला आणि मी स्वतःच्या स्विंगला बोल लावत राहिलो. मग फिटिंगला गेलो. वेग निघाला ८८. फिटरने आधी शाफ्टला हातच लावला नाही. फेसवर पावडर फवारली आणि चेंडूचे डाग बघितले, सगळे टाचेकडे. मग लॉफ्ट वाढवला. चेंडू तिथेच उचलला, निम्मं काम झालं. शाफ्टची पाळी त्यानंतर आली, आणि हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. चेंडू फेसवर सेकंदाचा दोन हजारावा भागच असतो. चेंडूची उंची मुख्यतः हेड आणि लॉफ्ट ठरवतात. शाफ्ट काम करतो तो त्याआधी, आपल्या तालावर. ६५ ग्रॅमच्या शाफ्टने मी घाई करत होतो. ५५ ग्रॅमचा हातात आला तेव्हा डाग आपोआप मधोमध सरकले.

“हा आर आहे की एस?” मी विचारलं. त्याने शाफ्ट शिकंज्यात आवळला, टोकाला झटका दिला आणि आकडा वाचून दाखवला: २४८. माझ्या कागदावर त्याने तेवढंच लिहिलं: १२ अंश, ४५ इंच, ५५ ग्रॅम, २४८. अक्षराचा रकाना त्याच्या कागदावर नव्हताच.