दोन दारांची ऐट: अमेरिकन ‘पर्सनल लक्झरी’ गाड्यांची पार्श्वभूमी

डेट्रॉइटच्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर दर ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी जुन्या गाड्यांची जत्रा भरते. फर्नडेल गावात मुलांच्या फुटबॉल मैदानासाठी पैसे उभे करायचे म्हणून १९९५ साली ती सुरू झाली. आता रस्त्याच्या दोन्ही कडांना लोक सकाळीच घडीच्या खुर्च्या टाकून जागा धरतात. मस्टँग, कॅमारो अशा वेगवान गाड्या आल्या की टाळ्या पडतात, पोरं ओरडतात. मग मधेच काहीही आवाज न करता एक लांबलचक गाडी येते. दारं दोनच, रेक्झिनचा टप, मागच्या खांबात अंड्याच्या आकाराची काच, आणि डिकीवर आत स्टेपनी असल्यासारखा फुगवटा. टाळ्या पडत नाहीत. पण खुर्चीतले साठी-सत्तरीचे लोक उठून उभे राहतात आणि कोणीतरी हमखास म्हणतं, “आमच्या वडिलांकडे होती अशी.”

या स्मरणरंजनाची गंमत अशी, की ते वेगासाठी नाही. या ‘पर्सनल लक्झरी’ गाड्यांतल्या बऱ्याच पळायला सुस्त होत्या, लिटरला चार-पाच किलोमीटरपेक्षा जास्त ॲव्हरेज देत नव्हत्या आणि वळणावर होडीसारख्या कलायच्या. तरी आठवण निघते ती त्यांचीच. ती का, हे कळायला १९५५ पर्यंत मागे जावं लागतं.

त्या आधी दोन वर्षं जनरल मोटर्सच्या शेव्हरोले विभागाने कॉर्व्हेट आणली होती. फायबरग्लासचं अंग, दोन सीटं. पहिल्या वर्षी ३०० गाड्या बनल्या आणि १९५५ मध्ये जेमतेम ७००. फोर्डने उत्तर म्हणून थंडरबर्ड काढली. तीही दोन सीटांचीच, पण पोलादी पत्र्याची, वर-खाली होणाऱ्या काचांची आणि व्ही-८ इंजिनाची. पहिल्याच वर्षी १६ हजारांवर खपली. फोर्डने तिला स्पोर्ट्स कार म्हणायचं टाळलं आणि ‘पर्सनल कार’ असा नवा शब्द काढला. म्हणजे कुटुंबाची नव्हे, धंद्याची नव्हे, माझी. पुढचा सगळा इतिहास या एका शब्दात आहे असं मला वाटतं.

एवढ्या खपानेही एका माणसाचं समाधान होत नव्हतं. रॉबर्ट मॅकनमारा तेव्हा फोर्डमध्ये आकड्यांचा माणूस म्हणून ओळखला जाई. व्हिएतनाम युद्धाच्या काळातला अमेरिकेचा संरक्षणमंत्री आणि नंतर जागतिक बँकेचा अध्यक्ष झालेला मॅकनमारा तो हाच. दोन सीटांमुळे गिऱ्हाईक परत जातं, हे त्याने हेरलं आणि १९५८ ची थंडरबर्ड चार सीटांची करायला लावली. शौकिनांनी बोटं मोडली. त्यांची नाराजी अजूनही गेलेली नाही. १९५५ ते ५७ च्या ‘लिटल बर्ड’ची किंमत आजही वेगळीच असते. पण १९५८ हे मंदीचं वर्ष असूनही ३७ हजारांवर गाड्या गेल्या.

त्या १९५८ च्या गाडीत एक बारकावा आहे. गाडी बसकी केल्यामुळे मधून जाणाऱ्या शाफ्टचा बोगदा पार उंच आला होता. लपवणं शक्य नव्हतं. मग डिझाइनवाल्यांनी त्यावरच एक पेटी मढवली, तिच्यात ॲश-ट्रे आणि बटणं बसवली आणि दोन्ही बाजूंना सुटी सीटं ठेवली. अडचणीतून निघालेली ही पेटी लवकरच ऐटीची खूण झाली. पुढची सीट म्हणजे एक अखंड बाक, ही सवय इथून मोडायला लागली. प्रत्येकाची जागा वेगळी. पुन्हा तेच, पर्सनल.

त्याच सुमारास फोर्डने वरच्या टोकालाही हात घालून पाहिला होता. १९५६ ची काँटिनेंटल मार्क टू साधारण १०,००० डॉलरची होती. त्या वर्षीची थंडरबर्ड तीन-सव्वातीन हजारांत मिळायची, यावरून अंदाज यावा. बऱ्याच अंशी हाताने बांधलेली, संयमी, देखणी गाडी. तीन हजारांच्या आसपास बनल्या आणि एवढ्या किमतीतही कंपनीला तोटाच झाला. धडा सरळ होता. ऐट विकायची तर ती हाताने बांधून परवडत नाही.

चार सीटांच्या थंडरबर्डला जनरल मोटर्सचं उत्तर यायला १९६३ उजाडलं. त्यांचा डिझाइनप्रमुख बिल मिचेल सांगत असे, की लंडनच्या धुक्यात हॉटेलसमोर उभी असलेली एक रोल्स-रॉइस दिसली आणि तिच्या धारदार कडा डोक्यात बसल्या. त्यात फेरारीचा बसकेपणा मिसळून आधी कॅडिलॅकसाठी गाडी आखली गेली. कॅडिलॅकला नको होती, म्हणून कंपनीच्या इतर विभागांमध्ये तिच्यासाठी चढाओढ लागली. ब्युइकने जाहिरात कंपनीला हाताशी धरून ती जिंकली आणि नाव पडलं रिव्हिएरा. पहिल्या वर्षी ४० हजारच बनवायच्या असं मुद्दाम ठरवलं होतं, म्हणजे मागणी तापलेली राहावी. माझं मत विचाराल तर या अख्ख्या कुळात १९६३ ते ६५ च्या रिव्हिएराइतकी नेटकी गाडी दुसरी झाली नाही. तिच्यावर जास्तीची एक रेघ सापडत नाही.

जनरल मोटर्सचीच १९६६ ची ओल्ड्समोबिल टोरोनॅडो ही इंजिनिअरांची गाडी. १९३७ मध्ये कॉर्ड ही गाडी बंद पडल्यानंतर पुढच्या चाकांना ताकद देणारी ही पहिली अमेरिकन मोटार. पुढच्या वर्षी त्याच तंत्रावर कॅडिलॅक एल्डोराडो आली आणि १९७० मध्ये तिच्यात ८.२ लिटरचं इंजिन बसलं. आपल्या हिशेबाने सांगायचं तर मारुती ८०० ची दहा इंजिनं एका बॉनेटखाली.

आता मुख्य वळण. १९६८ पर्यंत या गाड्या डॉक्टर, वकील, बँकेचे मॅनेजर अशा लोकांच्या होत्या. जनरल मोटर्सच्या पाँटिॲक विभागाचा प्रमुख होता जॉन डिलोरियन, पुढे गंजरोधक स्टीलची स्वतःच्या नावाची गाडी काढून बुडालेला तोच. त्याने १९६९ च्या ग्राँ प्रीसाठी मधल्या आकाराच्या, रोजच्या गाडीचा सांगाडा घेतला आणि पुढचं चाक व डॅशबोर्ड यांच्यामधला भाग तेवढा लांबवला. आत बसणाऱ्याला एक इंचही जास्त मिळाला नाही, पण समोर सहा फुटांचं बॉनेट पसरलं. एक लाखावर गाड्या विकल्या गेल्या. १९७० मध्ये शेव्हरोलेने तीच युक्ती माँटे कार्लोत केली आणि किंमत तीन हजारांच्या थोडी वर ठेवली. फोर्डमध्ये ली आयकोका या बड्या अधिकाऱ्याने तर डिझाइनप्रमुखाला फोन करून थंडरबर्डवर रोल्स-रॉइसची पुढची जाळी बसवायला सांगितलं म्हणतात. त्यातून फोर्डच्याच महागड्या लिंकन विभागाची काँटिनेंटल मार्क थ्री निघाली. सांगाडा थंडरबर्डचा, भाव लिंकनचा. कारखान्याला यापेक्षा गोड काय असणार?

म्हणजे सत्तरच्या दशकात ऐट हप्त्यावर मिळायला लागली. कारखान्यातला फोरमन, शाळेतला शिक्षक, विमा एजंट, कोणीही लांब बॉनेटची दोन दारांची गाडी दारात उभी करू शकत होता. वुडवर्डच्या कडेला उभे राहणारे लोक याच घरांतले.

नेमकं तेव्हाच आभाळ फाटलं. कमी शिशाच्या पेट्रोलसाठी १९७१ पासून इंजिनांचं कॉम्प्रेशन उतरवलं गेलं. १९७२ पासून ताकद मोजायची पद्धतही बदलली. एल्डोराडोचं ८.२ लिटरचं इंजिन १९७० मध्ये ४०० हॉर्सपॉवरचं म्हणून विकलं गेलं होतं, १९७६ मध्ये कागदावर १९० उरले. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं, पंपांवर रांगा लागल्या आणि हायवेवरची मर्यादा ताशी ५५ मैलांवर, म्हणजे साधारण ८८ किलोमीटरवर आली. धडकेच्या नियमांमुळे बंपर जाड आणि जड झाले.

मग खप कोसळायला हवा होता. तसं झालं नाही. ५५ च्या पुढे जायचंच नसेल तर पिकअप हवा कशाला? मग गाडीने काय द्यावं, तर शांतता, गुबगुबीत सीट आणि नाव. पूर्वीच्या हार्डटॉप गाड्यांत मधला खांब नसे, सगळ्या काचा खाली केल्या की वारा आरपार. आता मागची बाजू बंद झाली आणि तिच्यात ‘ऑपेरा विंडो’ नावाची छोटी खिडकी आली. तिच्यातून धड बाहेर दिसत नसे, पण घोडागाडीच्या जमान्याची आठवण व्हायची. शेजारी लुकलुकता कंदिलासारखा दिवा. आत मखमलीच्या उशांसारखी सीटं. १९७६ च्या मार्क फोरमध्ये तर बिल ब्लास, कार्टिए, जिव्हाँशी आणि पुची अशा नावांच्या खास आवृत्त्या निघाल्या. दागिने आणि कपडे घडवणाऱ्यांची सही मोटारीवर. क्रायस्लरने १९७५ ची कॉर्डोबा ‘कोरिंथियन लेदर’च्या जाहिरातीवर खपवली. ग्रीसमधल्या कोरिंथचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता. शब्द जाहिरातवाल्यांनी घडवलेला, कातडं अमेरिकेतलंच. पण रिकार्डो मोंटल्बान या नटाच्या घोळदार आवाजात ते ऐकून त्या वर्षी दीड लाख लोकांनी गाडी घेतली.

१९७६ मध्ये अमेरिकेत सर्वांत जास्त खपलेली मोटार ओल्ड्समोबिल कटलास होती, आणि तिच्या खपाचा मोठा हिस्सा दोन दारांच्या ‘कटलास सुप्रीम’चा. पुढच्या वर्षी फोर्डने थंडरबर्ड लहान सांगाड्यावर नेली, किंमत अडीच हजार डॉलरहून जास्त उतरवली आणि खप ५३ हजारांवरून ३ लाख १८ हजारांवर गेला. जाणकार या काळाला नाकं मुरडतात. मीही मुरडली असती, पण हे आकडे पाहिले की थांबावं लागतं. लोकांना फसवून एवढ्या गाड्या विकता येत नाहीत. त्यांना हवी होती ती वस्तू मिळत होती.

आपल्या बाजूने या गाड्यांशी नातं फार थोडं. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सचा जुळणी कारखाना १९२८ पासून होता, कुर्ल्याला प्रीमियरमध्ये डॉज-प्लिमथ जुळत. पण या गाड्यांचा बहर आला तोवर आयातीचं दार जवळपास मिटलं होतं. आपल्या डोक्यातली अमेरिकन गाडी म्हणजे इम्पाला, तीही चार दारांची. खरी ओळख झाली ती अमेरिकेच्या १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर डेट्रॉइटकडे आलेल्या मराठी इंजिनिअरांना. त्या पिढीतले एक काका सांगतात, की पहिली गाडी सेकंडहँड घ्यायची होती आणि आकाराला भुलून दोन दारांची घेतली. पुढे आई भारतातून आल्या. नऊवारीतल्या बाईला पुढची सीट दुमडून मागे कसं बसवायचं? पहिल्या दिवशीच त्यांनी सांगितलं, “मी पुढेच बसणार.” मग काकू तीन महिने मागे. त्या खिडकीतून फक्त आभाळ दिसायचं, असं काकू आजही म्हणतात.

शेवटी या गाड्यांना तेलाने नाही, मागच्या सीटनेच मारलं असं माझं मत आहे. १९७५ च्या इंधनबचत कायद्याने आकार नक्कीच छाटला. १९७९ ची मार्क फाइव्ह ५.८५ मीटर लांब होती, म्हणजे पावणेदोन मारुती ८००. तेवढी मोठी पुन्हा झाली नाही. पण आकार लहान करूनही १९८३ च्या गोलसर थंडरबर्डला गिऱ्हाईक होतंच. दुसरीकडे १९७८ मध्ये टेनेसीने लहान मुलांना गाडीत खास सीटमध्ये बांधण्याची सक्ती केली आणि १९८५ पर्यंत सगळ्या राज्यांत ती आली. दोन दारांच्या गाडीत वाकून, कंबर मोडून मागच्या सीटवर पोराला बांधून बघा, एका आठवड्यात चार दारं हवीशी वाटतात. १९९० मध्ये चार दारांची फोर्ड एक्सप्लोरर ही उंच एसयूव्ही आली आणि ऐटीची जागाच बदलली. लांबीची ऐट गेली, उंचीची आली. टोरोनॅडो १९९२ मध्ये संपली, मार्क १९९८ मध्ये, रिव्हिएरा १९९९ मध्ये, एल्डोराडो २००२ मध्ये. थंडरबर्ड दोन सीटांचा जुना अवतार घेऊन २००२ मध्ये परतली आणि २००५ मध्ये पुन्हा गेली. ओल्ड्समोबिल आणि पाँटिॲक ही नावंच आता उरली नाहीत.

मधल्या काळात या गाड्या टाकाऊ भावात विकल्या जात होत्या आणि त्यांना सांभाळलं लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन-अमेरिकन पोरांनी. रिव्हिएरा, माँटे कार्लो, कटलास घ्यायची, हायड्रॉलिक पंप बसवायचे, पत्रा रस्त्याला टेकेपर्यंत खाली आणायचा आणि मुंगीच्या चालीने हिंडायचं. हे लोरायडर. पोलिसांनी वर्षानुवर्षं त्यांना हटकलं. अशा हिंडण्यावर शहरांनी घातलेली बंदी कॅलिफोर्नियाने २०२४ पासून उठवली. डेट्रॉइटने विसरलेली ‘पर्सनल’ ही कल्पना त्यांनी मात्र अक्षरशः घेतली, गाडीवर स्वतःचं नाव रंगवण्यापर्यंत.

आज एखादी हवीशी वाटली तर घेणं फारसं अवघड नाही, साठच्या दशकातल्या सोडल्या तर. ठेवणं अवघड. रेक्झिनच्या टपाखाली पाणी शिरतं आणि फुगा दिसेपर्यंत पत्रा खाल्लेला असतो. पाच फुटी दारांच्या वजनाने बिजागरं उतरतात, दार उचलूनच लावावं लागतं. बंपर आणि पत्रा यांच्या मधले रबरी तुकडे हात लावला की भुगा होतात. मार्क मालिकेतल्या हेडलाइटची झाकणं इंजिनाच्या व्हॅक्यूमवर मिटलेली राहतात; नळ्या कडक होऊन हवा धरेनाशा झाल्या की रात्रभर उभ्या गाडीचं एक झाकण हळूहळू उघडतं. सकाळी पाहावं तर गाडी एक डोळा किलकिला करून बघते आहे. मालक ते दुरुस्त करून घेत नाहीत, असं मी वुडवर्डवर एकदा नव्हे, बऱ्याचदा पाहिलं आहे.