मेलॅनोटॅन: मान्यता एकाला, विक्री दुसऱ्याची

‘त्वचा सावळी करणाऱ्या मेलॅनोटॅन इंजेक्शनला मान्यता आहे’ हे अर्धसत्य वर्षानुवर्षं फिरतंय. मान्यता आहे ती अफामेलॅनोटाइडला, म्हणजे मेलॅनोटॅन-१ला: युरोपात २०१४पासून, अमेरिकेत २०१९पासून. तीही सौंदर्यासाठी नव्हे. एरिथ्रोपोएटिक प्रोटोपॉर्फिरिया या दुर्मीळ आजारात उन्हाने त्वचेची असह्य आग होते. अशा प्रौढ रुग्णांच्या त्वचेखाली डॉक्टर १६ मिलिग्रॅम औषधाची बारीक कांडी बसवतात आणि तीळही तपासत राहतात.

ऑनलाइन विकलं जातं ते बहुधा मेलॅनोटॅन-२. नाव जवळचं, रेणू वेगळा, मान्यता नाही. ते मेंदूतल्या रिसेप्टरांनाही (पेशींवरच्या संदेश टिपणाऱ्या रेणूंनाही) चाळवतं. त्यातून मळमळ, चेहरा लाल होणं, पुरुषांत तासन्‌तास न उतरणारी लिंगाची वेदनादायक ताठरता. तीळ गडद होतात, नवे उगवतात, आणि त्या गर्दीत मेलॅनोमा हा त्वचेचा घातक कर्करोग ओळखणं अवघड होतं. कुपीत नेमकं काय भरलंय, हा प्रश्न तर वेगळाच!