आधी वैरण, मग चंदी

एक किलो वाळलेलं गवत संपवायला घोड्याला सुमारे ४० मिनिटं लागतात आणि तेवढ्या वेळात तो तीन हजारांहून जास्त वेळा चावतो. एक किलो ओट मात्र तो दहा मिनिटांत फस्त करतो आणि चावणं हजाराच्याही आत आटोपतं. घोड्याच्या आहाराचा निम्मा प्रश्न या दोन आकड्यांत आहे. घोड्याला लाळ सुटते ती चावतानाच. दिवसभर चरत राहणारा घोडा तीस-चाळीस लिटर लाळ गिळतो. जठरात आम्ल मात्र रात्रंदिवस पाझरत असतं, पोटात काही असो वा नसो, आणि त्याला आवर घालते ती ही लाळच. चावणं कमी झालं की लाळ कमी होते आणि आम्ल जठराच्या वरच्या, नाजूक अस्तराला जाऊन भिडतं. शर्यतीच्या तयारीतल्या घोड्यांची दुर्बिणीने तपासणी केली तेव्हा दहापैकी आठ-नऊ घोड्यांच्या जठरात व्रण सापडले आहेत.

आपल्याकडे घोडा पाळणाऱ्याला ‘घोड्याला काय घालता?’ असं विचारा. सारंगखेड्याच्या यात्रेत विचारा, वरातीच्या घोडेवाल्याला विचारा, उत्तर चंदीपासून सुरू होतं: भिजवलेला हरभरा, ओट, सातू, मक्याचा भरडा, गव्हाचा कोंडा, वरून गूळ. मग ‘बाकी कडबा-गवत असतंच’ एवढ्यावर वैरणीचा विषय संपतो. यात माया असते, पदरचा पैसाही जातो. पण जेवण कोणतं आणि तोंडी लावणं कोणतं, यात इथे उलटापालट झाली आहे, असं माझं ठाम मत आहे. घोड्याचं जेवण म्हणजे वैरण. चंदी तोंडी लावण्यापुरती.

याचं कारण त्याच्या पोटाच्या रचनेत आहे. एवढ्या मोठ्या जनावराचं जठर जेमतेम ८ ते १५ लिटरचं असतं. पुढे सुमारे २० मीटर लांबीचं लहान आतडं. अन्न त्यातून काही तासांतच पार होतं. खरा पसारा त्यापुढचा आहे. अंधनाल आणि मोठं आतडं मिळून पचनमार्गाची निम्म्याहून जास्त जागा व्यापतात. तिथे अब्जावधी सूक्ष्मजीव गवतातला तंतू आंबवून त्याची मेदाम्लं करतात. वैरणीवरचा घोडा आपली बरीचशी ताकद याच मेदाम्लांतून मिळवतो. बैलाला हा आंबवणीचा कारखाना सुरुवातीलाच, मोठ्या कोठीपोटात मिळतो. घोड्याला तो शेवटी मिळतो. त्यामुळे लहान आतड्यात जे पचायचं राहून गेलं, ते तसंच या सूक्ष्मजीवांच्या पुढ्यात येऊन पडतं.

स्टार्चचं नेमकं हेच होतं. लहान आतड्यात स्टार्च पचवण्याची घोड्याची ऐपत बेताची असते. तोबरा भरून दाणा दिला की उरलेला स्टार्च मागे वाहून जातो. तिथे लॅक्टिक आम्ल तयार करणारे जीवाणू त्यावर माजतात, आम्लता चढते, तंतू पचवणारे जीवाणू मरतात आणि त्यांच्या मृत पेशींतली विषारी द्रव्यं रक्तात उतरू शकतात. पातळ शेण, वायू, पोटशूळ ही त्याची दिसणारी लक्षणं. घोड्याला उलटी करता येत नाही, म्हणून पोटशूळ कधीकधी जिवावर बेततो.

आता एका तोबऱ्याचा हिशेब करू. डेन्मार्कमधल्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं, की एका वेळच्या खाण्यातून वजनाच्या दर किलोमागे १ ग्रॅमपेक्षा किंवा दिवसभरात २ ग्रॅमपेक्षा जास्त स्टार्च मिळणाऱ्या घोड्यांत जठराच्या व्रणांचा धोका वाढतो. आपला घोडा ३५० किलोचा धरला तर एका वेळची मर्यादा आली ३५० ग्रॅम. हरभऱ्यात साधारण चाळीस टक्के स्टार्च असतो. म्हणजे दोन किलो हरभऱ्यात ८०० ग्रॅम, मर्यादेच्या दुपटीहून जास्त. पाऊण किलोच्या आत राहिलो तर ठीक. मक्यात दोन तृतीयांशच्या आसपास स्टार्च असतो, तोही कच्चा असताना लहान आतड्यात नीट पचत नाही. त्याचा अर्धा किलोसुद्धा जेमतेम मर्यादेत बसतो. ओटमध्ये त्या मानाने स्टार्च कमी असतो आणि तो बराच पचतोही. दाणा द्यायचाच असेल तर ओट बरे, ते याचसाठी. हा हिशेब कोरड्या वजनाचा आहे. भिजवल्याने हरभरा फुगतो, त्यातला स्टार्च कमी होत नाही.

पोटापेक्षाही मला जास्त काळजी वाटते ती खुरांची. खुराच्या आतलं हाड बाहेरच्या कवचाला शेकडो बारीक पापुद्र्यांनी जोडलेलं असतं. घोड्याचं सगळं वजन त्या जोडावर तोललेलं असतं. या पापुद्र्यांना लॅमिनायटिस, म्हणजे दाह, झाला की जोड सैल पडतो आणि हाड फिरतं किंवा खाली सरकतं. खूर गरम लागतो, घोडा पुढचे पाय पुढे टाकून मागे रेलून उभा राहतो, वळताना कण्हतो. २००७ साली ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमधल्या संशोधकांनी निरोगी पोनींच्या रक्तात इन्सुलिनचं प्रमाण सतत चढं ठेवलं, तर तीन दिवसांच्या आत त्या सगळ्यांना चारही पायांत लॅमिनायटिस झाला. त्यांच्या पोटात बिघाड नव्हता. एकट्या इन्सुलिनने हे घडवलं. स्टार्च आणि साखर इन्सुलिन चढवतात आणि लठ्ठ घोड्यात ते जास्तच चढतं. मानेच्या वरच्या कडेला चरबीची कडक वळी आलेला, पाठीवर पन्हळ पडलेला घोडा आपल्याकडे ‘काय तब्येत आहे!’ म्हणून वाखाणला जातो. तो आजाराच्या उंबरठ्यावर असू शकतो. मारवाडी, काठियावाडी ही कोरड्या मुलखातली, कमी चाऱ्यावर तगणारी जनावरं. त्यांना बांधून ठेवून गूळ-हरभरा चारणं मला तरी बघवत नाही.

मग घालायचं काय? दिवसाला वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडी वैरण, हा पाया. ३५० किलोच्या घोड्याला सहा ते आठ किलो वाळलेलं गवत. हिरव्या चाऱ्यात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणीच असतं, म्हणून दहा किलो हिरवा चारा म्हणजे फार तर अडीच किलो वैरण. ‘पेंढी टाकली’ या अंदाजावर जाऊ नका, काट्याला लावून एकदा वजन करा. रात्रीचा वाटा मोठा ठेवा, कारण संध्याकाळी सातला चंदी खाऊन पहाटेपर्यंत रिकाम्या दावणीपुढे उभा राहिलेला घोडा लाकूड कुरतडू लागतो, शेण-माती चघळू लागतो. काम सुरू करण्याआधीही थोडी वैरण पोटात हवी. जठरात तंतूंचा थर असला की पळताना आम्ल वर उसळत नाही. वरातीत तासन् तास उभ्या राहणाऱ्या घोडीला निघण्याआधी पेंढीभर लसूणघास मिळाला तर बरं, कारण त्यातलं कॅल्शियम आम्ल सौम्य करतं.

वैरणीतही निवड आहे. मारवेलसारखं फुलोऱ्यात कापून वाळवलेलं गवत उत्तम. कुसळं पक्की झाल्यावर कापलेलं कुसळी गवत तोंडात जखमा करतं. वाळलेला, बुरशी नसलेला कडबा भर म्हणून चालतो, पण त्यात कस कमी असतो आणि फार बारीक कुट्टी केली की चावणंही कमी होतं. हिरवी ज्वारी आणि सुदान गवत यांच्यापासून मात्र घोडा लांबच ठेवा. त्यावर चरणाऱ्या घोड्यांचं मूत्राशय निकामी होऊन मूत्र थेंबथेंब गळतं आणि मागचे पाय लटपटतात, हे अमेरिकेत फार पूर्वी नोंदवलं गेलं आहे. बैलाला चालतं ते घोड्याला चालेलच असं नाही.

आणखी एक बाब सहसा कोणी बोलत नाही. हत्ती गवत, गिनी गवत, अंजन या उष्ण प्रदेशातल्या गवतांत ऑक्सलेट असतं आणि ते कॅल्शियम बांधून ठेवतं. गव्हाच्या कोंड्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या कितीतरी पट असतो. दोन्ही एकत्र आले, की रक्तातलं कॅल्शियम राखायला शरीर हाडांतून ते ओढून घेतं. हाडं पोकळ होतात, चेहऱ्याची हाडं फुगतात, घोडा कधी या पायाने तर कधी त्या पायाने लंगडतो. पूर्वी गिरण्यांचा कोंडा खाणाऱ्या घोड्यांत हा आजार नेहमी दिसायचा. म्हणून कोंड्याचा ओला लपका रोज नको, आणि असं गवत देत असाल तर वैरणीचा पाव हिस्सा लसूणघासाचा असू द्या. खनिज मिश्रण आणि चमचाभर मीठही रोज हवं.

कष्टाच्या घोड्याला एवढ्यावर भागेल का, ही शंका रास्त आहे. माथेरानच्या चढावर दिवसभर पर्यटक वाहणाऱ्या घोड्याला किंवा दूध पाजणाऱ्या घोडीला जास्त ऊर्जा लागतेच. ती तेलातून देता येते. सुरुवात दोन चमच्यांनी करायची आणि काही आठवड्यांत शे-दीडशे मिलिलिटरपर्यंत न्यायची. कोकणात मिळणारी ताजी, खवट नसलेली खोबऱ्याची पेंड हाही चांगला पर्याय आहे, तिच्यात स्टार्च अगदी कमी असतो. स्वीडनच्या कृषी विद्यापीठात शर्यतीच्या ट्रॉटर, म्हणजे दुडक्या चालीने धावणाऱ्या, घोड्यांना नुसत्या वैरणीवर ठेवून सराव दिला गेला. ती वैरण कोवळी कापलेली, कसदार होती, आणि श्रमानंतर त्यांचं रक्त दाणा खाणाऱ्या घोड्यांपेक्षा कमी आम्लधर्मी राहिलं. कोंबड्यांचं खाद्य मात्र ऊर्जेसाठी चुकूनही घालू नका. त्यात बऱ्याचदा मोनेन्सिन हे औषध असतं, काही पशुखाद्यांतही असतं, आणि त्याची अगदी थोडी मात्राही घोड्याचं हृदय बंद पाडू शकते.

बदल दहा-पंधरा दिवसांत, थोडा थोडा करायचा. आतड्यातल्या सूक्ष्मजीवांना नव्या चाऱ्याची सवय व्हायला तेवढा वेळ लागतोच, मग बदल चांगला असला तरी. लठ्ठ घोड्याला बारीक करायचं म्हणून उपाशी ठेवू नका. उपाशी पोनीची चरबी एकदम रक्तात उतरते, यकृतात साठते आणि ती दगावू शकते. त्याऐवजी दाणा आणि गूळ बंद करा, गवत अर्धा तास भरपूर पाण्यात भिजवा म्हणजे त्यातली बरीच साखर विरघळून जाते, ते पाणी फेकून द्या आणि गवत लगेच खाऊ घाला, कारण आपल्या उकाड्यात ते आंबायला वेळ लागत नाही.

परिणाम आधी शेणात दिसेल, ते घट्ट, गोळ्या-गोळ्यांचं होईल. खुराला वेळ लागतो. पुढच्या खुराची भिंत वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत यायला नऊ ते बारा महिने जातात आणि आहारात झालेल्या गडबडी तिच्यावर आडव्या वळ्यांनी उमटलेल्या असतात. पुढच्या वेळी नालबंद येईल तेव्हा त्याला त्या वळ्या दाखवा. टाचेकडे त्या एकमेकींपासून लांब पसरल्या असतील तर लॅमिनायटिस होऊन गेला असण्याची शक्यता आहे, आणि मग चंदीबद्दल पशुवैद्याशी त्याच आठवड्यात बोला.